माशाला दुखतं का? दोन प्रयोगांची गोष्ट

गळाला लागलेला मासा तडफडतो, म्हणजे त्याला दुखतं, असं प्रबंधात लिहिलंत तर गाईड लगेच विचारतील: हा नुसता रिफ्लेक्स कशावरून नाही?

२००२ मध्ये जेम्स रोझ यांनी मांडलं की माशाला निओकॉर्टेक्स नाही, म्हणून वेदनेची जाणीवही नाही. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांचा रेनबो ट्राउटवरचा पेपर आला. ट्राउटच्या डोक्यावरचे ५८ संवेदी ग्राहक त्यांनी तपासले. २२ इजा ओळखणारे निघाले. मग ओठात अ‍ॅसेटिक आम्ल टोचलं. मासे तळच्या खडीवर ओठ घासू लागले, पुन्हा खायला त्यांना जवळपास तीन तास लागले. नुसतं सलाईन टोचलेले मासे साधारण निम्म्या वेळात खाऊ लागले. हा कंट्रोल ग्रुप नसता तर पेपरात काय उरलं असतं, सांगा बघू!

मला मात्र बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांचा हर्मिट खेकड्यांचा प्रयोग (२००९) जास्त पटतो. शंखाच्या आत विजेचा हलका झटका दिला, तर नावडत्या जातीचा शंख खेकडे जास्त वेळा सोडायचे, आवडता कमी. निव्वळ रिफ्लेक्स शंखाची प्रत बघत नाही.

२०१८ पासून स्वित्झर्लंडमध्ये शेवंड बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकायला बंदी आहे. २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात खेकडे, कोळंबी, ऑक्टोपसही आले. तरी ब्रायन की यांनी २०१६ मध्ये मेंदूच्या रचनेवरूनच माशांची वेदना नाकारली होती. तो लेख त्यावरच्या प्रतिसादांसकट वाचा.