उंबऱ्याच्या आत

आमच्या काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. लहानपणी त्या बाजारात बैलगाडीखाली निजलेली, धनगरांच्या मेंढरांमागे चालणारी कुत्री पाहिली. त्यांना ‘शी-शू’ची जागा कोणी शिकवली नव्हती. शिकवायची कशाला? त्यांना घरच नव्हते. तसा आपल्याकडे कुत्र्याचा मान मोठा. जेजुरीच्या खंडोबाबरोबर तो असतो. कुराणात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची गोष्ट आहे. त्यांचाही कुत्रा पुढचे पाय पसरून गुहेच्या तोंडाशी बसलेला. मान होता, पण जागा दाराशी.

मग हा इवलासा कुत्रा आत आला कुठून? बराचसा राजवाड्यांतून. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला. तिथे सापडलेली एक पेकिनीज कुत्री व्हिक्टोरिया राणीला नजर झाली. नाव ठेवले ‘लूटी’. लूट हा शब्दही इकडूनच नेलेला! पुढे १८८८ मध्ये राणीने फ्लॉरेन्सहून पामेरियन आणले. ही जात मुळात बरीच मोठी. राणीला लहान कुत्री आवडली, तशी ती लहान होत गेली. राजवाड्यात पुसायला नोकर होते. आमच्या घरी फडके माझ्या हातात.

धाकट्या मुलीने दोन महिन्यांचे पामेरियन आणले, तेव्हा पत्नीने बजावले, “जानमाजीजवळ एक थेंब दिसला, तर हे घरात राहणार नाही.” पहिल्या आठवड्यात मी ओरडलो, त्याचे नाक ओल्यात घासले. पिल्लू एवढेच शिकले, की माझ्यासमोर करायचे नाही. ते पलंगामागे जाऊ लागले.

रशियाच्या पावलोव्हने शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांवरच दाखवून दिले होते, की आवाजामागून घास येत राहिला, की जीव दोन्हींची गाठ मनाशी बांधतो. मी रागावणे सोडले. एवढ्याशा पिलाला दोन तासांपलीकडे धरवत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला अंगणातल्या एकाच कोपऱ्यात नेऊ लागलो. काम झाले, की लगेच शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरातला डाग वास जाईपर्यंत धुवायचा, नाहीतर पिल्लू पुन्हा तिथेच येते. पहाटेच्या अजानापासून रात्रीच्या अजानापर्यंत पाच वेळा ठरलेल्याच होत्या. मधल्या फेऱ्या वेगळ्या. खरे तर शिस्त मलाच लागली.

दोन महिने गेले. पत्नी जानमाज अजून फळीवर, उंचावर ठेवते. पण परवा दाराशी नखांची खरखर झाली आणि आतून तिचाच आवाज आला, “अहो, दार उघडा. त्याची वेळ झाली.”