लाल तेल, देवमासा आणि आमची गाडी

गाडीच्या तेलावर मी कधी काही लिहीन असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. चावी फिरवली की गाडी सुरू होते आणि पेट्रोल संपलं की बंद पडते, एवढंच माझं ज्ञान. पण गेल्या पावसाळ्यात असं काही घडलं की महिनाभर मी दुसरं काही वाचलंच नाही.

आमच्याकडे गाडी सौ. चालवते, मी शेजारी बसून सूचना देतो. तिचा डावा गुडघा बदलल्यावर क्लच दाबणं अवघड झालं, म्हणून भाच्याची आठ वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी आम्ही घेतली. तिच्या थोरल्या बहिणीचं, माईंचं, डायलिसिस असतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाईहून साताऱ्याला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. हे काम हिनं स्वतःकडे घेतलंय आणि कुणाला देत नाही.

ऐंशी हजार किलोमीटर झाले तेव्हा गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घ्यावं असं ठरलं. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. "सर, ऑटोमॅटिकचं ऑइल लाल असतं. सगळ्यांना एकच चालतं," असं म्हणून त्यानं डब्यातलं लाल तेल भरलं. मीही मान डोलावली.

दोन आठवड्यांनी गाडी थरथरायला लागली. साठच्या आसपास वेग गेला की रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून चालल्यासारखी. एका शुक्रवारी परतताना, मागे माई थकून डोळे मिटून बसलेल्या, आणि हायवेवर ते इतकं वाढलं की हिनं गाडी बाजूला घेतली. वरून पाऊस. "गाडी थरथरते की माझेच हात, कळेना," असं ती नंतर म्हणाली. दुसऱ्या एका गॅरेजनं गिअरबॉक्स गेला असं सांगून जो आकडा काढला, तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता.

त्या रात्री डिकीत स्टेपनीखाली ठेवलेली गाडीची पुस्तिका बाहेर काढली. एका ओळीत तेलाचं नाव होतं. आमच्या गाडीत भरलेल्या डब्यावर वेगळंच नाव होतं. रंग मात्र दोन्हींचा लाल! मग इतिहासाच्या मास्तराला पडायचा तोच प्रश्न पडला: हे असं झालं कसं?

आधी हे तेल करतं काय ते सांगतो. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं मुख्य काम चाकं झिजू न देणं. जुन्या पद्धतीच्या खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेलच कामगार असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. इंजिनाची ताकद चाकांकडे अशीच जाते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. त्याच तेलाच्या दाबानं गिअर बदलतात. तेच उष्णता वाहून नेतं. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे, आतल्या क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात आणि तरी त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. तेल लागलेल्या हातांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून पाहा, म्हणजे अडचण कळेल. पकड फार लवकर बसली तर गाडी हिसका देते, उशिरा बसली तर चकत्या घसरत राहतात आणि जळतात. हे सगळं तेलात मिसळलेल्या थोड्याशा रसायनांवर ठरतं.

तेलातून ताकद पोचवायची कल्पना जर्मन अभियंता हरमान फ्योटिंगर यांची. त्यांचं पेटंट 1905 चं, आणि तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी! मोटारीत ती मोठ्या प्रमाणावर आणली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं. 1939 साली त्यांनी 'हायड्रा-मॅटिक' नावाचा गिअरबॉक्स जाहीर केला आणि 1940 च्या ओल्ड्समोबील गाड्यांत तो 57 डॉलर जादा घेऊन मिळू लागला. मग महायुद्ध आलं आणि हाच गिअरबॉक्स एम-5 आणि एम-24 या हलक्या रणगाड्यांत बसला. युद्धानंतर कंपनीनं जाहिरातीत त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला, हे सांगायला नकोच.

गाड्या वाढल्या तसं तेल कुठलं घालायचं हा प्रश्न आला. कंपनीच्या विक्रेत्याकडेच दर वेळी कोण जाणार? म्हणून 1949 साली जनरल मोटर्सनं 'टाइप ए' नावाचं प्रमाण ठरवलं. कुठल्याही तेल कंपनीनं नमुना द्यावा, तो शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनमध्ये तपासला जाईल, उत्तीर्ण झाला तर त्याला क्रमांक मिळेल आणि तो डब्यावर छापायचा. परीक्षा, निकाल आणि बैठक क्रमांक! मला हे वाचून फार बरं वाटलं. तेलाला लाल रंग देण्याचं कारणही साधं आहे. गाडीखाली थेंब पडले तर ते इंजिनातले की गिअरबॉक्समधले, हे ओळखता यावं. म्हणजे लाल रंग फक्त घराणं सांगतो. माणूस कोण ते सांगत नाही.

या घराण्यात भाऊबंदकी लवकरच झाली. 1957 मध्ये टाइप ए ची सुधारित आवृत्ती आली आणि 1967 मध्ये 'डेक्सरॉन'. या तेलांत पकड मऊपणे बसावी म्हणून घर्षण बदलणारी द्रव्यं होती. फोर्ड कंपनीचं मत उलटं. त्यांच्या 'टाइप एफ' तेलात अशी द्रव्यं नव्हती, पकड कडक बसायची, आणि त्यांचे गिअरबॉक्स त्या हिशेबानंच बांधलेले होते. दोन्ही तेलं चांगली, दोन्ही लाल. पण फोर्डचं तेल दुसऱ्याच्या गाडीत घातलं तर हिसके, आणि दुसऱ्याचं फोर्डमध्ये घातलं तर चकत्या घसरून जळणार. "सगळ्यांना एकच चालतं" हे वाक्य साठ वर्षांपूर्वीच खोटं ठरलं होतं. मला आणि माझ्या विद्यार्थ्याला ते कळायला एवढा वेळ लागला, इतकंच.

आता या गोष्टीतला मला अस्वस्थ करणारा भाग. ही घर्षण बदलणारी द्रव्यं कुठून येत होती? देवमाशापासून. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात आणि चरबीत जे तेल असतं ते आपल्या गोडेतेलासारखं नसतं, ते खरं तर पातळ मेण असतं. धातूला चिकटून राहतं, तापलं तरी लवकर बिघडत नाही. गंधकाची प्रक्रिया करून ते गिअरबॉक्सच्या तेलात मिसळत. एकोणिसाव्या शतकात देवमाशाच्या तेलावर दिवे जळत हे मी मुलांना शिकवलं होतं आणि रॉकेल आल्यावर ते संपलं असंही सांगितलं होतं. माणूस चंद्रावर उतरला त्या साली अमेरिकेतल्या मोटारी या माशाच्या तेलावर गिअर बदलत होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. मुलांना मी अर्धीच गोष्ट सांगितली.

1970 साली अमेरिकेनं स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, त्यामुळे त्याच्या तेलाची आयात बंद होत गेली. 1972 मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. देवमासा वाचवायचा तर गिअरबॉक्ससाठी दुसरं काहीतरी शोधणं भाग होतं. बिनदेवमाशाचं 'डेक्सरॉन-2' आलं. पण पहिल्या प्रयत्नात नवं संकट उभं राहिलं: तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पितळी जोडांना ते खाऊ लागलं. मग गंजरोधक घालून ते सुधारावं लागलं.

याच काळात सगळ्यांचं लक्ष एका झुडपाकडे गेलं, होहोबा. ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटात वाढणारं. त्याच्या बियांतलं 'तेल'ही देवमाशाच्या तेलासारखं पातळ मेणच असतं. ॲरिझोनातल्या शास्त्रज्ञांना हे 1930 च्या दशकातच समजलं होतं, पण समुद्रातून तेल मिळत होतं तोवर झुडपाला कोण विचारणार? 1970 च्या दशकात तिथल्या अपाची लोकांनी रानातून बिया गोळा करायला सुरुवात केली. पुढे आपल्या राजस्थानातही लागवड झाली. होहोबाचं तेल महाग पडल्यामुळे ते मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत गेलं, आणि गिअरबॉक्सचा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनी कारखान्यात बनवलेल्या द्रव्यांनी सोडवला.

1973 च्या तेलसंकटानंतर गाड्यांच्या मायलेजची चिंता लागली. समोरासमोरच्या पंख्यांत थोडी ताकद वाया जातेच. ती वाचवायला स्थिर वेगात दोन्ही पंखे एकमेकांना जोडून टाकणारा 'लॉकअप' क्लच 1970 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा वापरात आला. पॅकार्ड कंपनीनं तो 1949 मध्येच बसवला होता, पण गरज आता पडली. नंतरच्या गाड्यांत हा क्लच मुद्दाम किंचित घसरता ठेवतात. म्हणजे तेलाची परीक्षा आणखी कडक. तेल चुकीचं असेल तर हा क्लच धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, आणि गाडी थरथरते. कुठे? स्थिर वेगात, साठच्या आसपास. हे वाचलं तेव्हा मी हिला झोपेतून उठवून सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सांगा."

त्यानंतर प्रत्येक कंपनीनं आपापलं तेल काढलं. टोयोटाचं वेगळं, होंडाचं वेगळं, क्रायस्लरचं वेगळं. जनरल मोटर्सनं 2005 मध्ये 'डेक्सरॉन-6' आणलं. ते आधीच्यापेक्षा पातळ, कारण पातळ तेल पंपाला हलकं जातं आणि इंधन वाचतं. म्हणजे "जाड तेल ते चांगलं" हा आपला जुना समजही इथे चालत नाही.

आपल्याकडे घोटाळ्याला आणखी एक कारण आहे. क्लचचं पेडल नाही ती सगळी 'ऑटोमॅटिक', असं आपण म्हणतो. पण 2014 मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेली एएमटी ही आतून साधा गिअरबॉक्सच असते, क्लच दाबायचं काम फक्त यंत्र करतं. तिला गिअरचं साधं तेल लागतं, हे लाल नव्हे. सीव्हीटी गाडीत पोलादी पट्टा पुलीवर पकड धरून चालतो. तिथे पकड सैल करणारं तेल घातलं तर पट्टाच घसरायचा. दोन क्लचवाल्या गाड्यांचं आणखी तिसरंच. म्हणून तेल निवडताना आधी आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची ते पाहायचं, मग पुस्तिकेतलं तेलाचं नाव अक्षर न अक्षर जुळवायचं. किंमत, रंग आणि "सगळ्यांना चालणारं" ही पाटी, यांना त्यानंतर जागा. आणि "या गाडीचं ऑइल कधी बदलावंच लागत नाही" असं कुणी म्हणालं, तर अनेक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असं सांगते, हे लक्षात ठेवा.

असो. आमच्या गाडीचं काय झालं ते राहिलंच. पुस्तिका घेऊन मी विद्यार्थ्याकडे गेलो. रागावून गेलो होतो, पण त्याचा उतरलेला चेहरा पाहून बोलवेना. विचारायचं काम माझंही होतं. पुण्याला नाना पेठेत जाऊन नेमकं तेल आणलं. खालचा बोल्ट काढला तरी निम्म्याहून कमी तेल बाहेर पडतं, उरलेलं त्या पंख्यांत अडकून राहतं. म्हणून थोडी थोडी गाडी चालवून तीनदा बदललं. तेलाची पातळीही पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, इंजिन गरम आणि चालू असताना पाहिली. मजुरी त्यानं घेतली नाही. पहिल्या खेपेनंतर थरथर कमी झाली, तिसऱ्यानंतर गेली. चकत्या थोड्या झिजल्या असतील तर ते पुढे कळेल. आज तरी गाडी चालतेय.

गेल्या मंगळवारी गॅरेजवरून जाताना आत डोकावलो. भिंतीवर खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगलेली. प्रत्येक गाडीचा नंबर, गिअरबॉक्सची जात आणि पुस्तिकेतलं तेलाचं नाव, असे तीन रकाने. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. मी लाल पेन खिशातच ठेवलं.