दार उघडं, जागा नाही

नकाराच्याही जाती असतात. एक नकार पाणवठ्यावरचा. तो शिवी देत येतो, हातात काठी घेऊन येतो. दुसरा नकार चहाचा कप पुढं करून येतो. ‘माझं काही नाही हो, पण बाकीच्या बिऱ्हाडकरूंना चालणार नाही.’ खोली शोधत फिरताना हे मी ऐकलंय. बोलणारा भला माणूस होता. त्याच्या भिंतीवर जोतीरावांचा फोटो होता. पहिल्या नकाराशी भांडता येतं. दुसऱ्याशी भांडायचं तर कुणाशी? जो ‘नको’ म्हणतो तो समोर नाही, आणि समोर आहे तो ‘नको’ म्हणत नाही.

या दुसऱ्या नकारानं एका माणसाचं आख्खं आयुष्य कसं खाल्लं, ते सांगायचंय. माणूस आपल्याकडचा नाही. जमैकाचा, काळा. नाव एग्बर्ट एथेलरेड ब्राऊन. जन्म 1875.

पोरवयात चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना त्याला प्रश्न पडला : देव एक, आणि तरी तीन, हे गणित जमतं कसं? त्यानं ते म्हणणंच सोडलं. पुढं चॅनिंग या अमेरिकन पाळकाचं लिखाण हाती लागलं आणि त्याला कळलं, की आपल्यासारखा विचार करणारा एक पंथच आहे. युनिटेरियन. देव एकच, येशू थोर माणूस पण देव नव्हे, आणि बुद्धीला पटेल तेवढंच मानायचं. या पंथाची किर्ती मोठी. थिओडोर पार्करसारख्या त्यांच्या पाळकानं बोस्टनमध्ये पळून आलेल्या गुलामांना आसरा दिलेला.

ब्राऊन सरकारी खात्यात कारकून होता. 1907 साली नोकरी गेली. वय बत्तीस. त्यानं ठरवलं, आता पाळक व्हायचं. पंथातलं ओळखीचं कुणी नाही. मग त्यानं पाकिटावर पत्ता लिहिला तो असा, की न्यूयॉर्कमधल्या कुणाही युनिटेरियन पाळकाला हे पत्र मिळावं. कोऱ्या विश्वासानं टाकलेलं पत्र.

ते पत्र फिरत फिरत पेनसिल्वेनियातल्या मेडव्हिल इथं गेलं. तिथं युनिटेरियनांचं पाळक घडवणारं विद्यालय होतं. त्याचे अध्यक्ष फ्रँकलिन साऊथवर्थ. त्यांचं उत्तर आलं. उत्तराचा मतलब असा : तुम्हाला प्रवेश आहे. पण अमेरिकेत काळ्यांचं युनिटेरियन चर्च एकही नाही. गोऱ्यांच्या चर्चला पाळक गोराच लागतो. तेव्हा शिक्षण संपल्यावर तुमचं पुढं काय होईल, ते आम्ही सांगू शकत नाही.

मी हे उत्तर नीट उलटंपालटं करून बघितलं. त्यात खोटं काही नाही. अपमानाचा शब्द नाही. उलट माणूस प्रामाणिक आहे, आधीच सावध करतोय. पण हे ‘गोऱ्यांना गोराच लागतो’ म्हणजे कुणाला लागतो? साऊथवर्थना? त्यांचं काही नाही हो. बाकीच्या बिऱ्हाडकरूंना.

ब्राऊन तरी गेला. 1910 साली मेडव्हिलला दाखल झाला, 1912 साली पाळकपदाची दीक्षा घेतली आणि जमैकात परतला. आधी माँटेगो बे, मग किंग्स्टन. थोडी वर्षं बाहेरून मदत मिळाली, पुढं ती बंद झाली. 1920 मध्ये तो बायकापोरं घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आला. चार वर्षं आधीपर्यंत हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकत होते. दोघांची गाठ पडायचा योग नव्हता. पण रस्ते तेच.

गोऱ्यांच्या चर्चमध्ये जागा नाही, तर ब्राऊननं स्वतःचं चर्च काढलं. हार्लेमच्या त्या मंडळीत कोण होते? रिचर्ड मूर, फ्रँक क्रॉसवेथ, ग्रेस कॅम्बेल. समाजवादी, चळवळे लोक. प्रवचन झालं की चर्चा, वाद, प्रश्न. पण अशा मंडळीला पाळकाचा पगार परवडत नाही. दीक्षा घेतलेला, कॉलेज शिकलेला हा पाळक पोटासाठी लिफ्ट चालवायचा. आठवडाभर लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं, आणि रविवारी उभं राहून माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलायचं.

बोस्टनच्या मुख्य कचेरीनं काय केलं? 1929 साली मान्यताप्राप्त पाळकांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. तो गप्प बसला नाही. नागरी हक्कांसाठी लढणारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन मधे पडली, कोर्टाची भाषा झाली, तेव्हा 1935 मध्ये नाव परत लागलं. प्रेमानं नाही लागलं. कोर्टाच्या धाकानं लागलं. ब्राऊन 1956 साली वारला, तोवर हार्लेम सोडलं नाही.

कुणी म्हणेल, एकाचं नशीब. तसं नाही. लुईस मॅगी हा दुसरा काळा पाळक. त्यानं 1920 च्या दशकात युनिटेरियनांकडं चौकशी केली, तर कर्टिस रीस या पुढाऱ्यानं त्याला सांगितलं : यायचं तर स्वतःचं चर्च बरोबर घेऊन या. मॅगीनं वीसेक वर्षं थांबून तेच केलं. 1948 मध्ये शिकागोत आपली मंडळी उभी केली. दार उघडं, पण खुर्ची घरून आणायची.

ज्या 1935 साली ब्राऊनचं नाव परत लागलं, त्याच साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढच्या वर्षीच्या परिषदेसाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. मंडळ सनातन्यांचं नव्हतं, जात मोडायला निघालेल्यांचं होतं. भाषण छापून हाती आलं आणि त्यांचे पाय लटपटले. भाषण बदला म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण 1936 मध्ये स्वखर्चानं छापून काढलं. यायचं तर स्वतःचं चर्च घेऊन या, बोलायचं तर स्वतःचा छापखाना बघा. बोस्टन काय, लाहोर काय.

उदार माणसाचा दोष हा, की त्याला न्याय कळतो. ज्याला कळतच नाही त्याचं वेगळं. याला कळतं, आणि तो आपल्या लोकांच्या मनाची वाट बघत बसतो. वाट तो बघतो, आयुष्य दुसऱ्याचं जातं.

आता कडू गोष्ट. मागं आमच्या मंडळात जयंतीच्या कमिटीवर अध्यक्ष नेमायचा होता. वस्तीतल्या एका बाईनं नाव दिलं. राबणारी, बोलणारी बाई. बैठकीत मीच म्हणालो, ‘माझी हरकत नाही, पण लोक अजून तयार नाहीत.’ सगळ्यांनी माना हलवल्या. ती काही न बोलता उठली, आणि जाताना खालचे चहाचे कप गोळा करून घेऊन गेली.

ब्राऊनची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. साऊथवर्थचं उत्तर वाचलं आणि अंगावर काटा आला. अक्षर त्याचं होतं. वाक्य माझं होतं.