रंगखात्यातला लाल

१८७९ साली नवरोजी वाडियांनी बॉम्बे डाइंग सुरू केली, तेव्हा सूत हाताने रंगात बुडवून उन्हात वाळत घालत. पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांत टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्र कापड, आले आणि रंगखात्याचे गणितच बदलले. सुती कापडाचे नेहमीचे रंग पॉलिएस्टरवर चढेनात. त्याला हवे ‘डिस्पर्स’ रंग, म्हणजे पाण्यात न विरघळणारी, नुसती पसरवलेली बारीक भुकटी. बंद यंत्रात, दाबाखाली पाणी १३० अंशांपर्यंत तापवायचे. धाग्यातल्या साखळ्या सैल होतात, रंगाचे रेणू आत शिरतात आणि धागा निवला की तिथेच अडकतात.

हे रंग १९२०च्या दशकात ॲसिटेट रेशमासाठी युरोपात जन्मले. याच घराण्यातला ‘डिस्पर्स रेड १’. त्याच्या रेणूचे एक टोक इलेक्ट्रॉन ढकलते, दुसरे ओढते. या ओढाताणीतून लाल रंग येतो आणि लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी निम्मी करण्याचा गुणही.

हा गुण आधी क्वार्ट्झमध्ये दिसला होता. १९६१ साली मिशिगनमध्ये फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी लाल लेझर त्याच्यातून सोडला. ६९४ नॅनोमीटरच्या प्रकाशातून थोडासा ३४७चा बाहेर पडला. पुराव्याचा फिकट ठिपका मात्र नियतकालिकाच्या छपाईत डाग समजून पुसला गेला!

पण अशा कामाचे स्फटिक वाढवणे जिकिरीचे. १९८६ साली सिंगर, सोन आणि लालामा यांनी अमेरिकेत डिस्पर्स रेड १ ॲक्रिलिकमध्ये मिसळून पातळ थर केला. ही सेंद्रिय काच. पण तिच्यात रेणूंची तोंडे दाही दिशांना. एकाचा परिणाम दुसरा खोडतो. म्हणून थर मऊ होईतो तापवला, उच्च विद्युतदाब देऊन रेणू एका दिशेला वळवले आणि दाब तसाच ठेवून निववला. विजेचा भाग सोडला, तर जुन्या रंगाऱ्याला यात नवे काय वाटले असते? त्या सुमाराला, गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर, इकडे मुंबईत गिरण्यांना टाळे लागत होते.

कालांतराने रेणू पुन्हा भरकटतात, ही या काचेची खोड. त्यावर उपाय म्हणून रंग ॲक्रिलिकच्या साखळीलाच बांधला गेला. पुढे स्वतःच काच होतील असे बोजड रेणूही घडवले गेले.

माटुंग्याच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेतून, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीतून, आज अशा रंगांवर शोधनिबंध निघतात. सिंथेटिक रंगांवरचा जगभर वापरला जाणारा ग्रंथ संपादणारे के. व्यंकटरामन याच संस्थेचे संचालक होते.

घरात कोणी रंगखात्यात काम केले असेल, तर त्यांची शेडकार्डे आणि कृतींच्या वह्या रद्दीत घालू नका.