नुसता क्रॅश की भगदाड?

आजची गोष्ट एका शब्दावरून झालेल्या वादाची.

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये सुरू केली. सगळा भर सुरक्षिततेवर. २००७ च्या सुरुवातीला त्यांच्या वेबसाइटवर अभिमानाने लिहिलेलं होतं, की दहा वर्षांहून जास्त काळात डीफॉल्ट इन्स्टॉलमध्ये फक्त एकच रिमोट होल सापडलं. म्हणजे लांबून आत शिरता येईल असं एकच भोक. ते २००२ मधलं, ओपनएसएसएचचं.

फेब्रुवारी २००७ मध्ये कोअर सिक्युरिटी या कंपनीने त्यांना कळवलं, की विशिष्ट पद्धतीने तुकडे केलेली आयसीएमपीव्ही६ पॅकेट्स पाठवली की कर्नल कोसळतो.

का? नेटवर्कवरून आलेला डेटा कर्नल मेमरीतल्या छोट्या डब्यांत ठेवतो, त्यांना एमबफ म्हणतात. डब्यात मावतंय का हे नीट न बघता भरलं, की शेजारी सांडणारच. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. आणि आयपीव्ही६ डीफॉल्ट चालू होतं, म्हणजे तुम्ही ते वापरत नसलात तरी दार उघडंच.

ओपनबीएसडीने दुरुस्ती लगेच केली, पण तिला नाव दिलं ‘रिलायबिलिटी फिक्स’. त्यांचं म्हणणं, मशीन बंद पडतं एवढंच. मग कोअरवाल्यांनी चालणारा कोडच लिहून दाखवला. जे शेजारी सांडतंय ते हल्लेखोर ठरवू शकतो, आणि थेट कर्नलमध्ये स्वतःचा कोड चालवू शकतो! तेव्हा कुठे लेबल बदलून ‘सिक्युरिटी फिक्स’ झालं. १३ मार्चला कोअरने सगळं जाहीर केलं आणि वेबसाइटवरच्या ‘एक’चे ‘दोन’ झाले.

आता म्हणाल, दुरुस्ती तर झालीच होती, मग नावाने काय फरक पडतो? पडतो ना! ‘रिलायबिलिटी’ वाचलं की सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, बघू पुढच्या आठवड्यात. ‘सिक्युरिटी’ वाचलं की तो रात्रीच पॅच टाकतो.

खरं सांगू? मीही ऑफिसात ‘नुसता क्रॅश आहे, रीस्टार्ट केलं की चालतं’ असं लिहून तिकिटं बंद केली आहेत. हा किस्सा वाचल्यापासून आधी एक प्रश्न विचारतो: कोसळताना मेमरीत नक्की काय लिहिलं गेलं, आणि ते कोणी ठरवलं?

ओपनबीएसडीने तो आकडा लपवला नाही, बदलला. मला तरी त्यांच्याबद्दलचा आदर त्यामुळे वाढलाच. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर फोनचा अपडेट ‘नंतर’ वर ढकलू नका!