पराभवातून घडलेला एकेश्वरवाद

१/ कोकणातले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू ग्रंथ विस्मरणात गेले, तरी ईश्वराचे एकत्व सांगणारी ‘शेमा’ प्रार्थना त्यांच्या मुखी राहिली.

२/ हे एकत्व इस्रायलात आरंभापासून नव्हते. सिनाईतील कुंतिलेत अजरूद येथे सापडलेल्या, इ.स.पू. ८००च्या सुमाराच्या लेखांत यहोवासोबत ‘त्याच्या अशेरा’चेही नाव येते.

३/ इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मग देवही हरला काय? निर्वासितांतील यशयाच्या परंपरेने उत्तर दिले : पारसिक सम्राट कोरेशही त्याच्याच इच्छेने चालतो, दुसरा देव नाहीच.

४/ मंदिर गमावूनही उरलेला हा ईश्वर पुढे ग्रंथांवाचूनही कोकणात स्मरणात राहिला.