सही आणि मन : १८४६ च्या मतयादीचा धडा

फायलीवरची सही आणि सही करणाऱ्याचे मत ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. टिपण प्रतिकूल लिहावे आणि वरून हुकूम आला की त्याचीच निमूटपणे अंमलबजावणी करावी, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांच्या गाठी असेल. इतिहासकारापुढे मात्र पुष्कळदा टिपण नसते. असते ती नुसती सही. मग एकाच पक्षाच्या छत्राखाली बसलेल्या माणसांची मने त्याने ओळखावीत कशी?

ह्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील धान्यकायद्यांचा शेवट. परदेशी धान्याच्या आयातीवर निर्बंध घालून जमीनदारांना संरक्षण देणारा कायदा १८१५ साली झाला. १८४१ च्या निवडणुकीत सर रॉबर्ट पील ह्यांचा हुजूर पक्ष अधिकारावर आला, तो हे संरक्षण राखील अशा भरवशावर. १८४५ साली आयर्लंडातील बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि १८४६ च्या जानेवारीत पीलने स्वतःच हे कायदे क्रमाक्रमाने रद्द करण्याची योजना मांडली. १५ मे १८४६ रोजी तिसऱ्या वाचनाच्या वेळी ३२७ विरुद्ध २२९ मतांनी विधेयक कॉमन्स सभेत संमत झाले, पण ते विरोधी पक्षाच्या बळावर. पीलच्या स्वतःच्या पक्षापैकी सुमारे एक तृतीयांश सभासद त्याच्यामागे गेले. दोन तृतीयांश उलटले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचे मंत्रिमंडळ गडगडले.

हे एक तृतीयांश कोण आणि ते का गेले? पूर्वी ह्याचे सरळ उत्तर दिले जाई : ज्याची जमीन तो संरक्षणवादी, ज्याचा व्यापार तो मुक्तव्यापारवादी. हे उत्तर तपासून पाहण्याची सोय होती, कारण १८३६ पासून कॉमन्स सभेतील मतविभागणीच्या याद्या नावानिशी अधिकृतपणे छापल्या जात होत्या. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम एडेलॉट ह्यांनी १८४१ ते १८४७ च्या पार्लमेंटात बसलेल्या ८१५ सभासदांची माहिती गोळा करून विसाव्या शतकाच्या मध्यास ही तपासणी केली.

त्यांची रीत समजण्यास अवघड नाही. जो सभासद कायदे समूळ रद्द करा असे म्हणतो, तो जकात थोडी कमी करण्यासही सहसा अनुकूल असतो. ज्याला थोडी कपातही सोसत नाही, तो समूळ उच्चाटनास कधीच हात वर करणार नाही. अशा ठरावांची सौम्यापासून जहालापर्यंत पायरीपायरीने मांडणी केली की प्रत्येक सभासद कोणत्या पायरीपर्यंत चढला ते दिसते. लुई गटमन ह्यांनी १९४० च्या दशकात ही पट्टी मनोवृत्ती मोजण्यासाठी तयार केली होती. एडेलॉटांनी ती शंभर वर्षांपूर्वीच्या मृतांना लावली.

निष्पत्ती जुन्या उत्तराला प्रतिकूल निघाली. हुजूर पक्षातील पीलचे अनुयायी आणि त्याचे विरोधक ह्यांच्यात जमीनजुमला किंवा व्यापार ह्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. फरक आढळला तो मतदारसंघांत : ग्रामीण परगण्यांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने संरक्षणाच्या बाजूस होते. शिवाय, सगळे प्रश्न एकाच पट्टीवर बसेनात. कारखान्यातील कामाचे तास दहावर आणण्याचा प्रश्न निघाला की पक्षांच्या रांगा मोडून निराळ्याच रांगा बनत. एका माणसाला एकच माप पुरत नाही, हा ह्या अभ्यासाचा मोठा लाभ होय.

पण मोजणीची मर्यादाही ह्याच प्रसंगात आहे. १८४५ मध्ये पीलने धान्यकायदे रद्द करण्याच्या ठरावाविरुद्ध मत दिले होते. वर्ष सरण्याच्या आत त्याचे मत उघडपणे बदलले. पट्टी गृहीत धरते की मन स्थिर आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनने तर लॉर्डांच्या सभागृहात हे विधेयक पार पाडले, ते धान्यकायदे वाईट वाटले म्हणून नव्हे. राणीचे सरकार चालले पाहिजे म्हणून. यादीत त्याचे नाव मुक्तव्यापारवाद्यांच्या शेजारी आहे. मनाने तो त्यांच्या शेजारी कधी बसला नाही.

पुढे पक्षशिस्त इतकी घट्ट झाली की मतयाद्या जवळजवळ मुक्या झाल्या. म्हणून फायनर, बेरिंग्टन आणि बार्थोलोम्यू ह्या अभ्यासकांनी १९५५ ते १९५९ च्या कॉमन्स सभेचा शोध घेताना मतविभागणी बाजूला ठेवली आणि सभासद स्वेच्छेने ज्या प्रस्तावांवर सह्या करीत, त्या सह्या मोजल्या. तेथे प्रतोदाचा हुकूम चालत नसे. १९६१ साली त्यांचा ग्रंथ निघाला.

आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्वच धोक्यात आणले. पक्षांतराला आळा घालण्याचा तो हेतू रास्त असेल. पण तेव्हापासून लोकसभेतील मत हे सभासदाच्या मनाचा पुरावा म्हणून फारसे उपयोगी राहिलेले नाही. आपणांस १९५६ सालचे चिंतामणराव देशमुख आठवतील. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, म्हणून त्यांचे मन इतिहासाला कळले. ज्यांना तसेच वाटत होते आणि जे जागेवर बसून राहिले, त्यांची गणना कोणत्या पट्टीने करावी?

आमच्या मते मोजणी अवश्य करावी. तिने जुने समज खोडून काढले आहेत. मात्र यादीत एखाद्याचे नाव दिसले की त्याच्या हेतूचा निकाल देण्याची घाई करू नये. त्या दिवशी त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता, हे आधी पाहावे. आपल्या स्वतःच्या सह्यांचा न्याय पुढे कोणी करू लागला, तर त्याच्याकडूनही आपण एवढीच अपेक्षा करू.